सही मागण्याआधी : गावोगावच्या भावांना खुलं पत्र

प्रति,
वडिलांच्या पश्चात बहिणीकडून जमिनीतल्या वाट्याचं हक्कसोड लिहून घेतलेले, घेणारे आणि घेण्याच्या बेतात असलेले समस्त भाऊ,
मु. पो. महाराष्ट्रातलं कुठलंही गाव

सप्रेम नमस्कार.

मी तालुक्याच्या गावी दस्त लिहून देण्याचं काम करते. दुय्यम निबंधक कार्यालयासमोर माझं टेबल आहे, त्यावर संगणक, प्रिंटर आणि शाईचा पॅड. खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र सगळंच लिहिते. पण वर्षभर न चुकता येणारं गिऱ्हाईक एकच, हक्कसोडाचं. तुमच्यातले बरेच जण माझ्या समोरच्या बाकावर बसून गेलेले आहेत, तेव्हा नव्याने ओळख करून द्यायची गरज नाही.

त्या बाकावर बसून तुम्ही जे बोलता ते मी टाईप करता करता ऐकत असते. "ताई, आता कुठे राहिलीय असमानता? मुलीच पुढे आहेत. सगळे कायदे बायकांच्याच बाजूचे. हे स्त्रीवाद वगैरे मुंबई-पुण्याच्या बायकांचं खूळ, आपल्याकडे बाईला लक्ष्मी मानतात." पोरीला इंजिनिअरिंगला घातल्याचं अभिमानाने सांगता, आणि ते खरंही असतं. आठ मार्चला ग्रामपंचायतीत सत्कार ठेवता, शाल-नारळ देता. २०११ पासून स्थानिक संस्थांत बायकांना निम्म्या जागा आहेत, त्याबद्दलही आता फारशी कुरकुर ऐकू येत नाही. मग खिशातून घडी घातलेला सातबारा काढता आणि म्हणता, "तेवढी दोन्ही बहिणींची सही राहिलीय. उद्या घेऊन येतो त्यांना. लवकर होईल ना?"

लवकर होतं. दुपारच्या आत होतं. मुद्रांक नाममात्र, पानं चार, साक्षीदार दोन. या महाराष्ट्रात बाईच्या बाबतीत इतक्या झटपट उरकणारं दुसरं सरकारी काम माझ्या पाहण्यात नाही.

म्हणून आज टेबलाच्या या बाजूने लिहितेय. तुम्ही समानता मानत नाही असं माझं म्हणणं नाही. शाळेत मानता, नोकरीत मानता, मतदानात मानता, स्टेटसला तर हमखास मानता. जमिनीच्या बांधाशी आलात की मात्र थांबता. आणि बाकी सगळ्या समानतेला पाठबळ देणारी गोष्ट नेमकी त्या बांधाच्या आत आहे.

आधी हिशेब करू, कारण तो बहिणीला कोणी करून दाखवत नाही. समजा सहा एकर, म्हणजे २४० गुंठे जमीन आहे. वडील गेले. मागे आई, दोन भाऊ, दोन बहिणी. वारस पाच. जमीन वडिलांनी स्वतः घेतलेली असो की आजोबांकडून आलेली, या घरात आकडा तोच निघतो : प्रत्येकी ४८ गुंठे. बहिणीचे ४८, भावाचे ४८, आईचेही ४८. आता माझ्यासमोर बसलेल्या बहिणीला विचारा, "ताई, तुम्ही किती सोडताय?" ती म्हणते, "मला काय माहीत, दादा म्हणाला सही लागते." चार पानी दस्तात गट नंबर असतो, क्षेत्र असतं, चतु:सीमा असतात. तिच्या वाट्याला येणारे गुंठे कुठेच लिहिलेले नसतात. कायद्याने लिहावे लागत नाहीत, आणि तुम्ही कधी लिहायला सांगितलेले नाहीत.

दस्तातला तो परिच्छेद मला तोंडपाठ आहे. "सदर मिळकतीतील माझा असलेला व पुढे निष्पन्न होणारा सर्व हक्क, हिस्सा व हितसंबंध मी लिहून देणार हिने, भावाबद्दल वाटणाऱ्या नैसर्गिक प्रेमापोटी, कोणताही मोबदला न घेता, स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, कायमचा सोडून दिला आहे. पुढेमागे मी अथवा माझे वारस याबाबत कसलीही तक्रार करणार नाही." नंतर ती आत जाते. कॅमेऱ्यासमोर बसते, पदर सावरते, फोटो निघतो, अंगठा मशीनवर ठेवते. कष्टाने बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात, म्हणून तो दोन-तीनदा घ्यावा लागतो. साहेब विचारतात, "दस्त वाचलाय? मान्य आहे?" ती उत्तर द्यायच्या आधी मान वळवून दाराकडे बघते. दारात तुम्ही उभे असता. मग ती "हो" म्हणते. तेवढ्यात स्वखुशी सिद्ध होते.

तुम्ही धाक घालता असं मी म्हणत नाही. बहुतेकांना त्याची गरजच पडत नाही, कारण ते काम आई करते. माझ्यासमोर आयांनी लेकीला सांगितलेलं ऐकलंय : "दे बाई सही. मला उरलेलं आयुष्य त्याच्याच दारात काढायचंय." या वाक्यापुढे कुठली लेक टिकेल? ४८ गुंठ्यांची स्वतः मालकीण असलेली बाई पोराच्या भाकरीच्या भरवशावर आहे म्हणून पोरीला तिचे ४८ गुंठे सोडायला लावते, आणि त्याच दिवशी त्याच टेबलावर स्वतःचेही सोडते. तुमच्या डोक्यात ती जमीन बापाची होती, आता तुमची आहे. मधल्या काळात ती आईची होऊन गेली, याची नोंद फक्त माझ्या संगणकात राहते.

दुसरं दडपण माहेरचं. हिस्सा मागितला की माहेर तुटलं, हे कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही, तरी प्रत्येक बाईला ठाऊक आहे. भाऊबीजेचं ताट, पोरांच्या लग्नात मामाचं उभं राहणं, नवऱ्याशी वाजलं तर चार दिवस टेकायची जागा, हे सगळं एका पारड्यात आणि गुंठे दुसऱ्या. बाई माहेर निवडते. मीही कदाचित तेच निवडलं असतं. पण दादांनो, भावाने हिस्सा घेतल्यावर त्याचं घर तुटलं असं कोणी म्हणतं का? दोन भाऊ बांधावरून डोकी फोडतात, कोर्टात वर्षानुवर्षं चपला झिजवतात, आणि तेराव्याला एका पंगतीत बसतात. बहिणीने नुसती वारस नोंद मागितली तर तिला पत्रिका जात नाही.

आता तुमची बाजू. ती मी रोज ऐकते आणि सगळीच खोटी नाही.

लग्नात खर्च केला, हे पहिलं. केला, मान्य. कर्ज काढून केला, तेही मान्य. पण तो खर्च मांडवावर, जेवणावळीवर, मानपानावर आणि बऱ्याचदा बेकायदा हुंड्यावर गेला. त्यातलं बहिणीच्या हाताशी उरलेलं काय? दागिने असतील तर ते सासरच्या पहिल्या अडचणीत सोसायटीत किंवा सोनाराकडे गेले. आणि तुमच्या लग्नाचा खर्च तुमच्या हिश्श्यातून कोणी वजा केला होता का?

जमिनीचे तुकडे पडतात, हे दुसरं. राज्यातलं सरासरी खातं १.३४ हेक्टरवर आलंय, २०१५-१६ च्या कृषी गणनेतला आकडा आहे. त्यावर पोट भरत नाही, हे तुमच्याइतकंच मलाही दिसतं. तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे. पण तीन भावांत जमीन वाटताना तुकडे होतात तेव्हा त्याला वाटणी म्हणतात, आणि चौथं नाव बहिणीचं आलं की अचानक शेतीची चिंता लागते. सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणजे लगेच मोजणीवाले साखळी घेऊन येतात असं नाही. नावं सामाईकात राहू शकतात, कसणारा कसू शकतो.

तिसरं गाऱ्हाणं मात्र खरं आहे आणि त्यावर कोणी बोलत नाही. सामाईक सातबाऱ्यावर पीककर्ज काढायचं तर सोसायटी सगळ्या सहहिस्सेदारांची संमती मागते. बहीण दिलेली दोनशे किलोमीटरवर. तिला बोलवायचं, दाजींचा रुसवा काढायचा, पेरणीच्या तोंडावर एवढा वेळ कोणाला आहे? अडचण आहे, कबूल. पण या अडचणीचं औषध संमतीपत्र आहे. एकदा नीट लिहून नोंदवून ठेवलं की झालं, तेही मीच लिहून देते. अडचण एका सहीची आणि त्यावर उपाय म्हणून जन्माचा हक्क सोडायचा, हा सौदा तुम्ही बैलाच्या बाजारातसुद्धा करणार नाही.

आणि आई-वडिलांना आम्ही सांभाळलं, हे चौथं. काहींनी सांभाळलं. काहींच्या बायकांनी सांभाळलं, ज्यांचं नाव कुठल्याच सातबाऱ्यावर नाही. एवढंच सांगून पुढे जाते.

एका गृहस्थांची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, नाव-गाव अर्थातच सांगत नाही. उन्हाळ्यात ते दोन बहिणींना घेऊन आले. हक्कसोड झालं, बहिणींना साड्या घेतल्या, मलाही पेढा दिला. जाताना म्हणाले, "आमच्याकडे संस्कार आहेत, बहिणी कोर्टात जात नाहीत." दिवाळी झाली आणि हेच गृहस्थ बायकोला घेऊन हजर. सासऱ्यांची जमीन रस्त्यात जात होती, मोबदला येणार होता, मेहुणे बहिणीला विचारत नव्हते. माझ्याकडून कागद समजून घेऊन वकिलाकडे जायचं होतं. म्हणाले, "ताई, कायद्याने मुलीला समान हक्क आहे की नाही?" मी म्हटलं, आहे. बायको शेजारी खाली मान घालून बसली होती. तिला हिस्सा हवा होता की माहेर, हे त्या दिवशी कोणीच विचारलं नाही. हक्क सोडायचा तेव्हा भाऊ ठरवतो आणि मागायचा तेव्हा नवरा. हा कायदा जिच्यासाठी केला तिचं मत दोन्ही दस्तांत येत नाही.

कुठून रस्ता किंवा एमआयडीसी जाणार अशी नुसती कुणकुण लागली की माझ्यापुढे हक्कसोडांची रांग लागते. नोटीस निघायच्या आत सह्या हव्या असतात. अशा वेळी बहिणीला काय सांगतात? "नाव कमी करायचंय, कागद साफ करायचेत." कागद साफ होतात खरे.

हा कायदा दिल्लीहून परवा आला, आम्हाला काय माहीत, असं कोणी म्हणू नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं त्यामागे मुलींना वारसाहक्क देणारं हिंदू कोड बिल रखडवल्याचं एक मोठं कारण होतं. १९५६ च्या वारसा कायद्याने मुलीला बापाच्या स्वतःच्या मिळकतीत वाटा दिला, पण वडिलोपार्जित मिळकतीत तिला मुलासारखं जन्मतः सहहिस्सेदार केलं नाही. आंध्रने १९८६ मध्ये, तमिळनाडूने १९८९ मध्ये ते केलं. आपल्या राज्याने १९९४ मध्ये केलं, तेही मेख मारून : २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेली मुलगी वगळली. एकाच घरातल्या थोरलीचं लग्न मे महिन्यात आणि धाकटीचं डिसेंबरात झालं असेल तर धाकटी हक्कदार, थोरली पाहुणी. २००५ मध्ये केंद्राने कायदा बदलून ही मेख काढली. त्यावरही २००५ मध्ये बाप जिवंत हवा की नको, याचा घोळ पंधरा वर्षं चालला. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात तो मिटवला : मुलगी जन्मानेच हक्कदार, बाप तेव्हा हयात असो वा नसो. (हा सगळा हिंदू वारसा कायदा झाला. इतर धर्मांचे कायदे वेगळे आहेत. माझ्या बाकावर मात्र सगळ्या धर्मांच्या बहिणी सारख्याच बसतात.)

आणि शहरी खुळाबद्दल. १९८६ साली चांदवडला शेतकरी बायकांचं जे अधिवेशन भरलं, त्याला आलेल्या बायका कुठल्या फ्लॅटमधून आल्या नव्हत्या. त्यानंतर शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला : नवऱ्याने आपणहून थोडी जमीन बायकोच्या नावे करायची आणि शंभर घरांनी केलं की गावाचा मान करायचा. गडी माणसांनी ते केलं, आणि कोणाचं पौरुष कमी झालं नाही. मला त्यात एकच गोष्ट खटकते. बायकोला दिलेली जमीन घरातच राहते. बहिणीचा वाटा उंबऱ्याबाहेर जातो, म्हणून त्यासाठी अशी चळवळ गावात उभी राहिली नाही. आजही बायकोच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांकात एक टक्का सवलत मिळते, २०२१ पासून. त्यासाठी माझ्याकडे माणसं आपणहून येतात आणि बायकोचं नाव ठळक टाकायला सांगतात. एक टक्का वाचत असेल तर समानता पटायला वेळ लागत नाही.

देशभरात शेतीच्या खात्यांपैकी बायकांच्या नावावरची खाती जेमतेम चौदा टक्के आहेत. गावाकडे काम करणाऱ्या दर चार बायकांतल्या तीन शेतीत राबतात. खुरपणी तिची, कापूस वेचणी तिची, कांद्याची लागण तिची. पण पीएम किसानचा हप्ता, पीकविमा, गारपिटीचा पंचनामा, सगळं सातबाऱ्यावरच्या नावाला. आता सरकारने जुलै २०२४ पासून लाडक्या बहिणीला महिना १५०० रुपये चालू केले. तुम्ही बाकावर बसून त्यावरही विनोद करता, बायकांना फुकटची सवय लागली म्हणून. मला वाटतं, सख्ख्या भावाने ४८ गुंठे ठेवून घेतल्यावर सरकारी भावाने दीड हजार दिले, तर हसायचं कोणाला?

तलाठी भाऊसाहेबांनाही, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांना, दोन ओळी याच पत्रात. जुन्या सातबाऱ्यांवर थोरल्या भावाचं नाव ए.कु.मॅ. (एकत्र कुटुंब मॅनेजर) म्हणून वर आणि बहिणींची नावं खाली 'इतर हक्कात', विहिरीच्या आणि बोजाच्या शेजारी, हे आम्ही किती वर्षं बघतोय. इतर हक्कातलं नाव मोबदल्याच्या यादीतून गळतं, कर्जाच्या वेळी मात्र आठवतं. २०२५ मध्ये जिवंत सातबारा मोहीम निघाली, मयत खातेदारांच्या जागी वारस लावायला. चांगलंच झालं. पण चौकशीला गावात आलात की चावडीवर बसून "वारस कोण?" असं भावालाच विचारू नका. मुली दिलेल्या गावांची नावं तोच सांगेल अशी आशा करणं म्हणजे फार झालं.

मला काय हवंय ते सांगते. बहिणींनी सगळी जमीन मागावी असा माझा आग्रह नाही. काही जणी खरंच आपखुशीने सोडतात, आणि भावाची हलाखी बघून सोडतात. मी ते पाहिलंय. तो त्यांचा अधिकार आहे. पण सोडायच्या आधी वस्तू हातात यावी लागते. आधी वारस नोंद होऊ द्या, सगळ्या वारसांची, आईसकट. त्याचा अर्ज आता सरकारच्या ई-हक्क संकेतस्थळावर ऑनलाइनही होतो. नोटिशीचे पंधरा दिवस जाऊ द्या, फेरफार मंजूर होऊ द्या. सातबाऱ्यावर बहिणीचं नाव एखादं वर्ष तरी राहू द्या. तिला एकदा तो कागद हातात धरू द्या. मग बोला. तेराव्याच्या आत, सुतकात, रडून डोळे सुजलेल्या बाईला गाडीत घालून आणू नका. त्या दिवसांत ती कशालाही हो म्हणते, आणि नोंदवलेला दस्त नंतर तिला एकटीला रद्द करायला दिवाणी कोर्टाशिवाय वाट नाही.

देणं शक्य नसेल तर मोबदला द्या, हप्त्याने द्या, आणि तो दस्तात लिहा. वर्षाला दोन पोती ज्वारी देत असाल तर तीही लिहा. साडीचोळी लिहू नका, मला टाईप करायला लाज वाटते.

आणि सही हवीच असेल तर एवढं करा. बहिणीला एकटीला माझ्याकडे पाठवा, तुम्ही समोर चहा प्यायला जा. मी तिला दस्त सावकाश वाचून दाखवीन. किती गुंठे जातात, आजच्या सरकारी दराने त्याचे किती होतात आणि परत मागता येतात का, ते सांगेन. त्यानंतरही ती लिही म्हणाली, तर लिहीन. लिहिणावळ नेहमीचीच घेईन.

आपली,
एक दस्तलेखिका